कानबाईसाठी साफ केलेला फोन

जळगावहून देवपूरला आईकडे निघाले ती पर्समध्ये नवीकोरी हार्ड डिस्क घेऊन, अगदी मोहिमेवर निघाल्याच्या थाटात. आईच्या फोनमधले सगळे फोटो आज उतरवून घ्यायचेच! खरं तर मला हवा होता एकच व्हिडिओ. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली, तेव्हा आईने तो काढला होता. आबांचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरला होता. माझा फोन मध्यंतरी चोरीला गेला, त्यामुळे आता सगळी भिस्त आईच्या फोनवर होती.

चहासुद्धा न घेता मी गॅलरी उघडली. रिकामी! एक फोटो नाही.

“आई, फोटो कुठे गेले?”

“बठ्ठं घर धुई काढं,” आई शांतपणे म्हणाली, “मंग फोन तसाच कसा ठेवू?”

दुसऱ्या दिवशी घरात कानबाई देवी बसणार होती. आमच्याकडे श्रावणात कानबाई यायची म्हणजे भिंतींना रंग, गोधड्या धुऊन गच्चीवर, डबे घासून लख्ख. यंदा फोनचीही पाळी आली होती. पण पुसलेले फोटो काही दिवस फोनच्याच कचरापेटीत राहतात, हे मला ठाऊक होतं. घाईघाईने तिथे गेले. तीही साफ.

“कचरा कोनी घरमा ठेवस का?”

माझं डोकं असं सटकलं की विचारू नका. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले आणि घासलेलेच डबे पुन्हा घासायला लागले.

संध्याकाळी धरणगावहून अक्का आल्या. आबांची मोठी बहीण, साऱ्या घराची अक्का. त्यांच्या फोनला आम्ही सगळे हसतो, कारण तो उघडेपर्यंत चहा होऊन जातो. एवढा कसला भरलाय म्हणून मी कुरकुरले, तर म्हणतात, “माले पुसता कोठे येस?”

मी जागच्या जागी उडालेच. तो व्हिडिओ तेव्हा फॅमिली ग्रुपवर टाकला होता की! अक्कांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावलाच. गुलाबांवर गुलाब, सुप्रभातांवर सुप्रभात, बोट दुखायला लागलं. आणि मग धूर दिसला. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा धूर! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली.

आधी कामं उरकली. एक प्रत डिस्कवर, एक माझ्या फोनवर, एक इंटरनेटवर. मग आईला मधे बसवून व्हिडिओ लावला. जाळातून वांगी ओढणारे आबा, हात पोळला म्हणून हसणारे आबा. मग ते थेट आमच्याकडे बघतात. “ठेव तो फोन. भरीत थंडं व्हई ऱ्हायनं, जेवाले बठ.” आणि व्हिडिओ तिथेच संपतो.

हे मला नेहमी खुपायचं. आनंदाच्या भरात मी ते बोलूनही गेले, “आई, अजून थोडा वेळ व्हिडिओ काढला असतास तर काय बिघडलं असतं गं?”

आई काळ्या झालेल्या पडद्याकडेच बघत होती.

“त्यासनी बठ म्हनं ना,” ती म्हणाली. “मंग मी फोन ठेवा नि त्यासनासंगे जेवाले बठनू.”