पास्कू अंकलचा पेपर

पास्कू अंकलच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हरच्या आधी घडी घातलेला पेपर निघायचा. नवा टीव्ही बसवायला गेले की खोका न उघडता ते भिंतीशी उभे राहत, पेपर छातीसमोर धरत आणि घरात जो सर्वांत जास्त टीव्ही बघतो त्याला त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसवत. "वाचा," म्हणत. आधी मथळा, मग खालचं बारीक. बारीक वाचता आलं नाही की माझ्याकडे बघून हसत. "बारा फुटांवरनं यांना अक्षर दिसत नाय, आनि तू त्यांना पडद्यावरचे ठिपके विकतोस. काय सेल्समन?"

फुल एचडी नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी वसईतल्या एका टीव्हीच्या दुकानात विक्रीला होतो. अंकल पाचूबंदरचे, जुन्या ट्यूबच्या टीव्हीपासून दुरुस्ती करत आलेले. आमचे सेट तेच बसवत. दुकानात नव्या सेटला डेमोची डिस्क लावलेली असे आणि शेजारच्या साध्या सेटला तीन ठिकाणी फोडलेली केबल. साध्याचं चित्र धूसर दिसावं म्हणून केलेली ही जोडणी माझी. अंकलनी एकदा बोटांनी वायर चाचपत ती शोधून काढली होती. "गिऱ्हाइकाला टीवी दाखवतोस का वायर?" एवढंच म्हणाले.

एव्हरशाईन सिटीतले रेगे काका पत्नीला घेऊन आले. काकूंना बातम्यांखालची पट्टी दिसेना. काकांना तो जुन्या टीव्हीचा दोष वाटत होता. मी त्यांना तसंच वाटू दिलं. "ठिपके पाचपट आहेत, काकू. डोळ्यांना ताणच नाही."

सेट बसवायला अंकलबरोबर मीही गेलो. काकूंनी मथळ्यातले मधले दोनच शब्द वाचले. अंकलचं हसू गेलं. त्यांनी काकूंना एक डोळा झाकायला लावला. "माझ्या नाकाकडं बघा, बाय." मग पेपर हळूहळू बाजूला नेला. "पेपर दिसतो?"

"कुठला पेपर?" काकू म्हणाल्या.

अंकलनी पेपरची घडी घातली.

"काका, खोका बंदच राहू दे. आधी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या. दोष काचेत नाय."

काका माझ्याकडे वळले. "तू काय म्हणतोस रे?"

महिन्यातला तो पहिलाच मोठा सेट होता. परत नेला असता तर शेठ चार शब्द बोलला असता, त्यापलीकडे काही नाही. "अंकल जुन्या काळातले," मी म्हणालो. "पेपरचं हे त्यांचं नेहमीचंच. केबल नीट जोडली की पट्टी स्वच्छ दिसेल."

"लावा ना," काकू म्हणाल्या. "यांना किती हौस आहे."

अंकलनी सेट लावला. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "पट्टी दिसंल म्हनालास. कोनाला?"

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. काका फोनवर म्हणाले, "फरक आहे हं." आठ महिन्यांनी काकू जिन्यात पडल्या तेव्हा काचबिंदू कळला. गेलेली नजर परत येत नाही, आधी आला असतात तर उरलेली जास्त राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे काकांनीच मला दुकानात येऊन सांगितलं. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. जाताना म्हणाले, "टीव्ही मात्र छान दिलास."

अंकल न बोलावता त्यांच्याकडे जाऊन आले. तोवर काकूंची मधली नजरही गेली होती; डाव्या डोळ्याला कोपऱ्यातून जेवढं दिसत होतं, तेवढ्यात पडदा येईल अशी त्यांनी खुर्ची वळवली. मला ते कळलं तेव्हा मी अंकलच्या घरी गेलो. ते एका जुन्या सेटला सोल्डरचा डाग देत होते. "अंकल, चूक माझी," मी म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही.

"मला कशाला सांगतोस? मी फादर हाय काय? तिला सांग."

मी गेलो. काकांनी चहा केला, मॅच लावली. काकू वळवलेल्या खुर्चीत बसून आवाजावरून विचारत होत्या, "आऊट झाला का?" मी चहा पिऊन परत आलो. त्यानंतर अंकल भेटले की एकच विचारत, "सांगितलंस?" मी नाही म्हणून मान हलवायचो.

अंकलना मातीत ठेवलं त्या दिवशी चर्चच्या शेवटच्या बाकावर मी होतो. विचारणारं आता कोणी नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, बाहेर पडताना मला हलकं वाटलं. ते हलकेपण घरी पोहोचेपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

आता गिऱ्हाइकं त्या फुल एचडीच्या चौपट ठिपके मागतात. मी पेपर धरून भिंतीशी उभा राहतो, लोक हसतात. काकू अजून एव्हरशाईनमध्येच आहेत. हे मी लिहिलं खरं, पण त्यांना ते वाचता येणार नाही; काकांना मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. म्हणजे सांगण्याचं काम मी पुन्हा दुसऱ्यावरच ढकललं. उद्या रविवार. काका घरी असतात, काकूही; कागद इथेच ठेवून जायचं आहे.