दहा वर्षांची खूण

रत्नपाल खिल्लारे मूळचा आखाडा बाळापूरचा. आमच्या रुग्णालयाचं ग्रंथालय तो सांभाळतो. डॉक्टरांना काही अडलं की जगभरच्या वैद्यकीय लेखांच्या साठ्यातून नेमका लेख काढून द्यायचा, हे त्याचं काम. माणूस घाईचा, आणि आपल्या घाईलाच हुशारी समजणारा. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून एवढं बोलायचा हक्क आहे.

सेनगावकडच्या तांड्यावरची शितल बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी आमच्याकडे आली, ती लघवी बंद होऊन. सासू जिवनबाईनं सांगितलं, कंबर दुखत होती म्हणून तीन दिवस बिब्ब्याचं तेल तुपातून दिलं. जिवनबाईलाही तिच्या बाळंतपणात तिच्या सासूनं असंच दिलं होतं. डॉक्टर पल्लवीताईंनी रत्नपालला विचारलं, "बिब्ब्यानं किडनी गेल्याची कुठं नोंद आहे का? असेल तर आजच नांदेडला डायलिसिसला पाठवते. नसेल तर सलाईनवर उद्यापर्यंत बघू."

त्यानं संगणकावर बिब्ब्याचं एकच इंग्रजी नाव टाकलं, सोबत 'किडनी', आणि सवयीनं 'फक्त गेली दहा वर्षं' यावर खूण केली. डॉक्टरांना नवंच लागतं ना! एकही लेख आला नाही. "काहीच न्हाई, मॅडम," असं त्यानं कळवून टाकलं. मी हे पाहत होते आणि गप्प बसले, तेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी शितलचा चेहरा सुजला. रत्नपालनं वहीत बिब्ब्याची सगळी नावं लिहिली, भिलावा, भल्लातक, झाडाचं शास्त्रीय नाव, आणि ती 'किंवा'नं जोडली, म्हणजे यातलं कुठलंही नाव असलं तरी लेख सापडावा. किडनीचे, लघवीचे शब्द तसेच वेगळे जोडले. मग दोन्ही गट 'आणि'नं बांधून वर्षांची खूण काढून टाकली. तीन जुने लेख समोर आले. तिन्हींत बिब्बा होता आणि बंद पडलेली किडनी होती. तासाभरात गाडी निघाली. नांदेडला शितल दोन दिवस जगली.

महिन्याभरानं आम्ही दोघं तांड्यावर गेलो. लेकरू जिवनबाईच्या मांडीवर झोपलं होतं.

"खरं सांगा भाऊ, माज्या हातानं गेली का ती?"

"बिब्ब्यानं गेली, मावशी. पन एक दिवस मी घालवला. मी नीट शोधलंच न्हाई." मला वाटलं, आता ही शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काहून घावलं न्हाई?" तिनं विचारलं.

"जुन्या लेखांत लिवलेलं होतं. मी नवेच पाहिले."

ती लेकराला थोपटत राहिली.

"मंग आता आमच्या शितलचं लिवा," ती म्हणाली. "ते तर नवं हाय."