मुळगावचं बिननोंदीचं शिंगरू

घोडी मेली, मी तिला पुरलं आणि तिचे केस काढून ठेवायला विसरलो.

केसांचं असं, की अस्सल मारवाडी म्हणून शिंगराची नोंद व्हायची तर त्याचे आणि आईचे मुळासकट उपटलेले केस तपासणीला जातात. आई हीच, असं जुळलं तरच नोंद आणि नाव. शिंगरू माझ्या मुळगावच्या भावजींचं. खाण बंद पडून ट्रक दारात उभा राहिला, तसे ते वास्कोला बंदरावर कामाला लागले. त्याआधी हौसेनं राजस्थानातून घोडी आणून बसले होते. तिचं एक शिंगरू नोंदवायचं, पैदाशीचा धंदा सुरू करायचा आणि बंदर सोडून घरी यायचं, हे त्यांचं स्वप्न. घोडी व्यायच्या वेळी त्यांना रजा मिळेना. घोड्यांतलं मला कळतं असं माझं स्वतःचं मत होतं, म्हणून मी पेडण्याहून बहिणीकडे येऊन राहिलो.

शिंगरू झालं. दुसऱ्याच दिवशी गुरांचे डॉक्टर केस घ्यायला आले, तर मी गोठ्याच्या दारात आडवा.

"सोयर आसा डॉक्टर. बारसां होईसर बाळंतिणीच्या केसाक हात लावूचो नाय."

"अहो, ही घोडी आहे."

"आमच्या घरची आसा."

बहीण हसली, शेजारी हसले. मला तर माझं वाक्य इतकं आवडलं की दिवसभर येईल त्याला ऐकवत होतो. डॉक्टर मान हलवत परत गेले. मी नावं शोधायला बसलो. नोंदीत आधी दुसऱ्या घोड्याला दिलेलं नाव चालत नाही म्हणे, म्हणून एकेक नाव घोळवून बघायचं.

बारशाच्या आतच घोडीला पोटशूळ उठला. भिंतीवर डोकं आपटून आपटून ती आडवी झाली ती उठलीच नाही. शिंगरू तिच्या थंड सडाला ढुशा देत होतं.

पुरताना मात्र मी काही कमी पडू दिलं नाही. खोल खड्डा, पोतीच्या पोती मीठ, वर कुंकू नि नारळ. मग मोठ्या तोंडानं भावजींना फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "केस काढून ठेवलात मगे?"

ते रजा टाकून आले तोवर आणखी काही दिवस गेले. जेसीबी लावून खड्डा उघडला. मी नाकाला पंचा लावून लांब उभा. आत भावजी उतरले. आयाळ हाताला मूठभर आली, कातड्यासकट. डॉक्टरांनी पाकिटात भरली, पण त्यांचा चेहराच सांगत होता. तपासणीतून उत्तर आलं ते तेच: मुळं कुजलीत, काही जुळवता येत नाही.

भावजी परत वास्कोला निघाले तेव्हा शिंगरू बाटलीनं दूध पीत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "भावजी, नाव तरी काय ठेवूया?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"तुमचांच ठेवा. दोघांकय कोण विचारणा नाय."