आमच्या तालमीत थेट विचारतात

तालीम म्हटली की किस्से साठतातच, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तर जरा जास्तच. पण आमच्याकडचे अलीकडचे किस्से वेगळे आहेत. तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर आत्महत्येनं गेला. कुणीच त्याला काही विचारलं नव्हतं. त्यानंतर तालमीनं ठरवलं, आता एकही माणूस न विचारता राहू द्यायचा नाही.

*

राजारामपुरीतल्या एका मानसोपचार डॉक्टर बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "माणूस खचलेला दिसला तर सरळ विचारा, आत्महत्येचे विचार येतात का? विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते."

आमचे वस्ताद, तालमीतले सगळ्यात वडीलधारे, तिथंच उठले. "बाई, असलं अभद्र आमी तालमीत बोलत न्हाय," म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. दाराला अगदी लागून, बरं का!

*

पहिला प्रयोग तानाजीनं केला. हा आमचा डिफेंडर, कुजबुजला तरी रंकाळ्यावर ऐकू जातं. मिसळीच्या हॉटेलात लांबच्या टेबलावर मित्र दिसला, तर यानं इथनंच विचारलं, "काय रं, आत्महत्येचा इचार येतोय काय?" अख्ख्या हॉटेलाचे घास हातात राहिले.

डॉक्टर बाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, बाजूला घेऊन विचारायचं. हळू."

"हळू म्हंजी किती हळू?" तानाजीला खरंच माहीत नव्हतं.

*

मग आला फ्लेक्स. 'मनातलं बोला, आम्ही ऐकतो' असा भलामोठा बोर्ड चौकात लागला. गॉगल घातलेले सगळ्यांचे फोटो, मधोमध वस्ताद. बाई बघून म्हणाल्या, "हेल्पलाइनचा नंबर कुठाय?"

नंबराला जागाच उरली नव्हती! कुणाचा फोटो काढायचा यावरून हमरीतुमरी सुरू झाली. वस्ताद म्हणाले, "माझा काढा." नव्या बोर्डावर त्यांच्या जागी नंबर आला.

*

मुलींच्या टीमची कॅप्टन सुनीता. तिनं कॉलेजातल्या एका मैत्रिणीला एकटीला गाठून विचारलं. मैत्रीण "हो" म्हणाली. तिला विचारूनच सुनीतानं तालमीत सांगितलं. कोल्हापुरात कुठल्याही दुखण्यावर औषध एकच, त्यामुळे पोरांनी तिच्यासाठी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा पाठवला. डबा उघडल्यावर कळलं, तिच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. ती हसली, मग रडली, मग बोलत राहिली. सुनीतानं एकही सल्ला दिला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. उपचार चालू आहेत, पोरगी सावरतेय. सुनीताचा मला फार अभिमान वाटतो.

*

आणि हा प्रवीणचा. गुडघा गेला, खेळ सुटला, तेव्हापासून तो तालमीत येऊन नुसता बसायचा. एका सकाळी आम्ही आखाड्याची माती उकरत होतो. वस्ताद त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"प्रवीण, जीव द्यायचा इचार येतोय काय?"

आमचे हात थांबले.

"व्हय, वस्ताद."

"सांगितलंस ते लई बरं केलंस. आता बोल."

वस्ताद रागावले नाहीत, समजूत घातली नाही. दुपारपर्यंत त्याच्याजवळून हललेसुद्धा नाहीत. मग रिक्षा बोलावली आणि वस्ताद, प्रवीण आणि मी राजारामपुरीला डॉक्टर बाईंकडे गेलो.

क्लिनिकमधल्या मुलीनं पेन उचललं. "पेशंट कोण?"

वस्तादांनी प्रवीणकडे बघितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ह्याचं आन माझं, दोघांचीबी नावं घ्या."