पदराखालचं पिस्तूल

श्रावणातल्या शनिवारी भर दुपारी चँडलरच्या रस्त्यावर मला बेड्या पडल्या. आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांनी हे ऐकलंय आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलंय... तेव्हा आता माझ्याकडूनच ऐका. मंडळाच्या पत्रकात जागा उरली असेल तर छापा, नसेल तर राहू द्या.

मी चौथी शिकलेली बाई. एक्याऐंशी साली अमेरिकेत आले, तेव्हापासून दिरांच्या गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोलपंपावरच्या दुकानात, काउंटर सांभाळते. सिटिझन झाले की धाकट्या बहिणीचे, शकूचे, कागद भरायचे होते. नवरा गेल्यापासून ती सोलापूरला एकटी आहे, आणि सात वर्षं मी तिला "थांब, आणते तुला" म्हणतेय. माझी सिटिझनशिपची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती.

दुकान दोनदा लुटलं. दुसऱ्या वेळी तर माझ्या कानशिलालाच नळी लावली. मग आमच्या ह्यांनी मला पिस्तूल आणून दिलं, चालवायला शिकवलं.

विकणाऱ्याने बजावलं होतं. ह्या राज्यात कमरेला उघडं लावून फिरलात तर कोणी विचारणार नाही, पण झाकलं की गुन्हा. त्याचा परवानाही मिळत नाही... मी म्हटलं, एवढंच ना? पॅन्ट-शर्ट, वर पट्टा, पट्ट्यात पिस्तूल. वर्षभर कुणी हूं की चूं केलं नाही.

त्या दिवशी मंडळातल्या नलूताईंकडे सत्यनारायण होता. शिफ्ट संपवून थेट जायचं म्हणून साडी नेसूनच कामावर आले, पट्टा साडीवरच बांधला. निघताना तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा होता, पण उशीर झाला होता, तशीच निघाले. ही माझी पहिली चूक, आणि ती माझीच.

वाटेत पोलिसाने गाडी थांबवली. मागचा दिवा गेला होता, बाकी काही नाही. त्याने मला खाली उतरायला सांगितलं. बाहेर भट्टीसारखं ऊन आणि वारा, पदर कुठल्या कुठे उडालेला.

समोर परका माणूस आणि आपलं पोट उघडं... मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. पदर ओढला आणि कमरेभोवती घट्ट घेतला.

त्याने पिस्तूल आधीच पाहिलं होतं. आता ते दिसेनासं झालं आणि माझा हात नेमका त्यावर! तो ओरडला, "हँड्स! हँड्स!" त्याचं पिस्तूल माझ्या छातीवर रोखलेलं. त्याचं बोट चापावर होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

हात वर केले. पदर पुन्हा उडाला... ह्या खेपेला उडू दिला.

लपवलेलं हत्यार बाळगल्याची केस झाली. हे म्हणाले, "कायदा माहीत नव्हता म्हण, सुटशील." वकीलही फिरवून फिरवून तेच सुचवत होता. आता ज्याने सांगितलं तो दुकानदार जिवंत आहे, मी काय बहिरी होते? कोर्टात जज्जने विचारलं तेव्हा म्हटलं, कायदा माहीत होता. मग झाकलंत का? म्हटलं, पिस्तूल नाही झाकलं, पोट झाकलं.

मागे कुणीतरी हसलं. जज्ज हसला नाही. म्हणाला, "बाई, हत्यार कमरेला लावलं की तुमचा हात कुठे जातो ही जबाबदारी तुमची. सवयीने गेला, हे समोरच्याला कळत नाही." इंग्रजी मला अर्धं कळतं, पण हे पुरतं कळलं.

सरकारी वकिलाने केस मागे घेतली, पिस्तूल ठेवून घेतलं. बाहेर तो पोलीस भेटला. म्हणाला, "थोडक्यात वाचलात." मी म्हटलं, "तुम्हीपण." त्याने गोळी झाडली नाही, हे त्याचे उपकार आहेत माझ्यावर, उगाच कशाला नाकारू.

पण सिटिझनशिपच्या फॉर्मवर प्रश्न असतो, कधी अटक झाली होती का? केस सुटली तरी अटक झालीच होती. "हो" लिहिलं. मुलाखत पुढे ढकलली... कुठवर, ते कोणी सांगत नाही.

शकूला सगळं कळवलं. थांब अजून थोडी, असं लिहिलं. परवा तिचं उत्तर आलं, नेहमीचं निळं हवाईपत्र नव्हे, चांगलं पाकीट. आत चारच ओळी.

"ताई, सात वर्षं लिहितेस, इथे सगळं छान आहे. पिस्तूल लावून उभी राहतेस हे एकदाही नाही लिहिलंस. माझे कागद नकोत. तूच परत ये."

दोन दिवस झाले, कोरा कागद पुढ्यात आहे. पिस्तूल गेलं, मी काउंटरवर उभी राहतेच आहे. दार वाजलं की अजून हात आधी कमरेकडे जातो, आणि संध्याकाळी पाय इतके भरून येतात की बूट काढायचाही कंटाळा येतो...

ह्या वेळी शकूला हेच लिहिणार आहे, पहिल्या ओळीपासून. मग ती येवो न येवो. तिला ठरवायचं असेल तर खरं ऐकून ठरवू दे, एवढं तरी मी तिचं देणं लागते.