गोणपाटाखालची मंडळी

"मंडळी, जेवलात का?" रोज सकाळी गोणपाट उचलून आक्का हेच विचारायच्या. कुंपणापलीकडे एक जिताजागता शेजारी उभा आहे, त्याची दखलच नाही. तो शेजारी म्हणजे मी.

मंडळी म्हणजे गांडुळं! काष्टी गावात आमची घरं शेजारी-शेजारी. आक्कांच्या परसात लिंबाखाली खताची सिमेंटची टाकी होती. तिच्यात जुनं शेण, पालापाचोळा, भाजीची देठं, वरून ओलं गोणपाट. पाणी शिंपडून झालं की त्या मूठभर खत घट्ट दाबून बघायच्या. हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. टपकलं की कपाळावर हात मारून घ्यायच्या, त्याच हातानं.

बाजारातून भाजी आणायच्या ती पाच माणसांची. मी एकदा खवचटपणे म्हणालो, "पाहुणे येणार वाटतं?"

"घरात खाणारी तोंडं हायेत की, भाऊ!"

तोंडं कुठली? मालक गेलेले, लेक पुण्याला. तुम्ही म्हणाल, म्हातारीला वेड लागलं होतं. मीही तेच म्हणायचो. पण माझ्या घरात तरी दुसरं ताट कुठं होतं?

आक्का न्हाणीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं. लेक न्यायला आला. गाडीत बसतानाही घोर मंडळींचाच. "भाऊ, उपाशी ठेवू नका. आन् ताजं शेण घालू नका, लई गरम असतं."

"मी काय दूधखुळा आहे?"

दूधखुळाच निघालो. आठवड्यानं वाटलं, बिचाऱ्यांना जरा चांगलंचुंगलं घालावं. गोठ्यातलं ताजं शेण आणून टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशी काही गांडुळं कडेवर वाळून पडलेली, बाकीची आत मेलेली.

संध्याकाळी सातला आक्कांचा फोन. "मंडळी जेवली का?"

"जेवली."

"आन् तुमी?"

किती वर्षांनी कुणी विचारत होतं! चूल पेटवली नव्हती, तरी म्हणालो, "जेवलो."

कर्जतहून नवी गांडुळं आणली. आक्का परत आल्या की खरं सांगायचं ठरवलं. तोवर रोज सातला फोन, रोज तीच दोन खोटी उत्तरं.

आक्का आल्याच नाहीत. एका सकाळी लेकाचा फोन आला, तेव्हा मी टाकीपाशीच होतो.

मंडळी आता भरपूर झालीत. मूठ दाबली तर पाणी टपकत नाही. सातला फोन वाजत नाही, वाजणारही नाही, ठाऊक आहे. पण सातच्या आधी मी जेवून घेतो.