समोर उभं राहिल्याशिवाय बॅट नाही

मैदानाच्या मागच्या फाटकासमोर बॅटवाल्या ताईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय अठराची खोली, तिन्ही भिंतींना लावलेल्या बॅटी आणि मधोमध जमिनीवर पांढऱ्या रंगाने मारलेली एक रेघ. त्या रेघेवर उभं राहिल्याशिवाय इथे कोणालाही बॅट मिळत नाही. पैसे घेऊन या, ओळख घेऊन या, नाही म्हणजे नाही. हा नियम ताईंच्या वडिलांनी घातला, आणि ते गेल्यावर ताईंनी तो जरा जास्तच कडक केला.

दारातून येणारा माणूस बहुधा स्वतःबद्दल थापा मारतच आत येतो, असं त्यांचं मत आहे. मागच्या महिन्यात दातांचे एक डॉक्टर आले. म्हणाले, "मी मारून खेळतो. जड बॅट काढा, साडेबाराशे ग्रॅमची." ताईंनी त्यांना रेघेवर उभं केलं आणि बॅट एकाच हाताने, वरच्या हाताने, सरळ समोर धरायला सांगितली आणि एक, दोन मोजायला लागल्या. सातव्या आकड्याला डॉक्टरांचं मनगट लटपटायला लागलं. मग छताला मोज्यात घालून टांगलेला चेंडू ताईंनी त्यांच्या दिशेने सोडला. डॉक्टर मागे सरकले आणि तो हळूच बाजूला काढून दिला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

"डॉक्टर, तुम्ही मारता कुठे? तुम्ही तर चेंडूची समजूत घालताय."

"मनातून फार मारावंसं वाटतं हो."

"मनाचं राहू द्या. मी पायांना बॅट देते."

अकराशे चाळीस ग्रॅमची बॅट त्यांनी काढली, पोट वर असलेली. पोट म्हणजे बॅटच्या पाठीचा फुगीर भाग. तो खाली असला तर पुढे पाय टाकून खेळणाऱ्याला फावतं, वर असला तर मागे राहून कट मारणाऱ्याला. डॉक्टर तोंड वाकडं करून गेले आणि आठवड्याने आपल्या मित्राला घेऊन आले. सुरुवातीच्या काळात लोक दारातून डोकावून विचारायचे, "दुकानात कोणी पुरुष माणूस नाही का?" ताई म्हणायच्या, "तुम्ही आत आलात की एक होईल." हल्ली कोणी विचारत नाही.

पाय वाचायला त्या शिकल्या धाकट्या भावाला चेंडू टाकून टाकून. घरामागच्या बोळात रोज संध्याकाळी बोलिंग ताईंची आणि बॅटिंग धाकट्याची. ताईंची बॅटिंग यायची तेव्हा नेमका अंधार पडायचा. पण तो चेंडू मारायचा असा, की टाकणाऱ्यालाही बरं वाटावं! डावा पाय चेंडूच्या अगदी जवळ, गुडघा वाकलेला, जवळजवळ जमिनीला टेकलेला, आणि चेंडू भिंतीवर. सात वर्षांनी लहान भाऊ, पण त्याने असा एक फटका मारला की ताई सगळ्या भांडणांवर पाणी सोडायच्या.

तो नोकरीसाठी परदेशी गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. शेवटचा आला तो वडील गेले तेव्हा, चार दिवसांसाठी. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. दर रविवारी त्याचा फोन येतो. आणि ताईंना भाऊ हवा आहे, आवाज नको आहे. हे त्या कोणाला सांगत नाहीत. त्याऐवजी गिऱ्हाइकांना सांगतात, "माझा भाऊ येऊ दे, मग बघा ड्राइव्ह म्हणजे काय ते." फोनवर त्याला सांगतात, "मैदानावरचे सगळे वाट बघतायत रे. तू आलास की दुसऱ्याच दिवशी मॅच ठेवणार आहेत." तो हसतो, म्हणतो, "रजा बघतो." विलो लाकडाच्या नव्या बॅटींतली सगळ्यात देखणी त्या दरवर्षी त्याच्यासाठी बाजूला काढतात. जड, खाली पोट, आखूड दांडा. जवसाचं तेल लावून, लाकडी हातोडीने तास न् तास ठोकून तयार करतात आणि वर्ष सरलं की नाइलाजाने विकतात.

या वर्षी धाकट्यानेच विषय काढला. "ताई, इथे ऑफिसातल्या पोक्त मंडळींची टीम झालीय. एक बॅट पाठव ना. आपली नेहमीची, आखूड दांड्याची."

ताईंच्या मनात आलं, आता सापडला! "पाठवायची नाही. नियम माहीत आहे ना? इथे येऊन रेघेवर उभा राहा, हातात देते."

"अगं, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"बाबांनी मामांनासुद्धा उभं केलं होतं. तू कोण लागून गेलास?"

तीन रविवार हीच घासाघीस चालली. ताईंना वाटत होतं, मासा गळाला लागलाय, फक्त दोर सोडायचा नाही. बॅटीसाठी तरी येईल. चौथ्या रविवारी धाकटा म्हणाला, "उभं राहिलेलंच बघायचंय ना? व्हिडिओ पाठवतो." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आलासुद्धा.

ताईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसून तो बघितला. पहिल्यांदा त्या हसल्या, कारण धाकट्याला टक्कल पडलं होतं आणि पोट बॅटीसारखंच फुगीर झालं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी सवयीने पाय बघितले. कोणीतरी हळू, पायापाशी पडणारे चेंडू टाकत होतं. असल्या चेंडूवर तो एके काळी वाघासारखा पुढे जायचा. आता तो जागचा हलत नव्हता. सगळं मागच्या पायावर, ताठ उभं राहून. डावा गुडघा वाकतच नव्हता. आणि चेंडू टाकणारा परत जात असताना तो बॅटीवर भार देऊन उभा राहत होता, म्हाताऱ्याने काठीवर भार द्यावा तसा.

पाच-सहा वेळा बघितल्यावर ताईंना रडू आलं. वय झालं म्हणून खेळ बदलला, असं नव्हतं ते. पाय दुखणाऱ्या माणसाचं ते उभं राहणं होतं, आणि तो पाय त्यांच्या माहितीचा होता.

फोन करून विचारावं असं दहादा वाटलं. पण त्याला सांगायचं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्या उठल्या, त्याच्यासाठी ठेवलेली जड बॅट खाली काढली आणि विक्रीच्या बॅटींत लावून टाकली. हे करताना कोणाला तरी निरोप दिल्यासारखं त्यांना वाटलं, कारण बोळातला तो पोरगा आता येणार नव्हता, कितीही वाट पाहिली तरी. मग त्यांनी दुसरी बॅट शोधायला घेतली. हलकी, पोट वर, आणि दांडा चांगला दोन बोटं लांब, म्हणजे जमिनीला टेकवायला वाकावं लागू नये. तीन दिवस शोधली, आठवडाभर ठोकली आणि नियम मोडून पाठवून दिली.

बॅट पोचली. त्यानंतरच्या रविवारी फोनवर धाकट्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "काल चौतीस धावा काढल्या, ताई! चालत काढल्या म्हण, आमच्यात कोणी पळत नाही." मग म्हणाला, "पण दांडा लांब का दिलास? मी आखूड सांगितला होता."

"वाकायला लागू नये म्हणून."

"पायऱ्यांवरून घसरलो," धाकटा म्हणाला. "सात वर्षं झाली. दोन ऑपरेशनं झाली, पण गुडघा वाकत नाही."

"सात वर्षं? आणि मला आज सांगतोस?"

"कधी सांगणार होतो? पहिली काही वर्षं खरंच रजा मिळाली नाही गं. मग हे झालं. तू दर फोनला माझी मॅच ठेवत होतीस. सगळे बघायला येणार म्हणायचीस. मी लंगडत येऊन काय दाखवणार होतो?"

ज्या दोरीने त्या त्याला इतकी वर्षं ओढत होत्या, तिनेच त्याला लांब ठेवलं होतं. आणि ती दोरी त्यांनी रविवारचा एकही फोन न चुकवता ओढली होती.

"मॅच गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "मला तुझी बॅटिंग नकोय रे. तू हवा आहेस. मला तुझी फार आठवण येते." इतकं साधं वाक्य त्या अकरा वर्षांत एकदाही बोलल्या नव्हत्या.

या वेळी धाकटा "रजा बघतो" म्हणाला नाही.

"तू अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतेस ना गं?" त्याने विचारलं. "मला जिने चढवत नाहीत."

"मला तरी कुठे चढवतात?" ताई म्हणाल्या. "मीही प्रत्येक मजल्यावर थांबते. दोघं थांबू."